डांबराची पट्टी

२२ नोव्हेंबर १९६५, सोमवार

काल संध्याकाळी गोंदियाहून छोट्या गाडीनं बालाघाटला उतरलो. सायकल सामानाच्या डब्यात टाकली होती. उतरवून घेताना हमालानं मागचं चाक खांबावर आपटलं आणि वर मलाच म्हणाला, "इतनी हलकी साइकिल! टूटेगी ही।" त्याच्याशी भांडलो. मग पार्सलबाबूशी भांडलो. घरी पोचेपर्यंत दादाशी भांडायची ताकद उरली नव्हती, म्हणून जेवून झोपलो.

इथं का आलो ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे रोज रोज डोक्यात घोळणार नाही. सायकल क्लबच्या संघातून मला काढलं. पाच नावं लागली, त्यात माझं नाही. वसंताचं आहे. मागच्या वर्षापर्यंत ज्याला सुटलेली चेन धड चढवता येत नव्हती तो वसंता! कॅप्टन म्हणतो, "नीळकंठ, तू संघात पळत नाहीस, एकटाच पळतोस." मग शर्यतीत काय हातात हात घालून पळायचं? मी फारच आवाज चढवला तेव्हा एवढं कबूल केलं की रविवारी, १२ डिसेंबरला, पुन्हा एक चाचणी घेऊ. तीस मैल, घड्याळ लावून. वसंतापेक्षा कमी वेळ लावला तर जागा माझी.

नागपुरात सराव करायचा तर रोज त्यांचीच तोंडं पाहायची. कचेरीत तीन आठवड्यांची रजा टाकली आणि इकडे आलो. आई म्हणाली, त्र्यंबककडे जातोस ते बरं, डोकं थंड होईल. मी डोकं थंड करायला आलेलो नाही. मला एक चांगला रस्ता पाहिजे. सपाट, मोकळा, पंधरा-वीस दिवस सकाळी कुणी आडवं येणार नाही असा.

दादाला विचारलं. तो इथं कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क आहे, दहा वर्षांवर झाली. म्हणाला, "रस्ते? बस जाते ते सगळे चांगले." आणि पेपर वाचायला लागला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात टिकाराम नावाच्या माणसाचं सायकलचं दुकान आहे. चाकाची आपटलेली बाजू त्यानं सरळ करून दिली, हात चांगला आहे. त्याला विचारलं, सगळ्यात चांगला रस्ता कोणता? म्हणाला, "रास्ते सब अच्छे हैं बाबू, जाना कहाँ है ये बताओ।" मी म्हटलं, कुठंच जायचं नाही, नुसती चालवायची आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना उचलून आपटावा की काय असं वाटलं.

दुपारी वारासिवनीचा रस्ता पाहिला. नदीपर्यंत सुरेख. पुढं धानाच्या बैलबंड्या, एकामागं एक, आणि एकही गाडीवान जागा नाही. सगळे पेंढ्यांवर आडवे, बैल आपले चाललेत. बोंबललो तरी उठत नाहीत. दहा मैलांत अकरा वेळा उतरलो, मोजले.

आशालतावहिनी म्हणाल्या, "एवढं वारासिवनीपर्यंत गेलात भाऊजी, तर तसंच पुढं रामपायलीला जाऊन रामाचं दर्शन घेऊन यायचं." मी म्हटलं, माझ्या टायरांना दर्शन घडलं पुष्कळ.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

लामत्याचा रस्ता. जंगल चांगलं, हवा चांगली, रस्ता चुलीत घालायच्या लायकीचा. गिट्टी अंथरून ठेवलीय आणि रोलरचा पत्ता नाही. दोन पंक्चर. दुसरं पंक्चर काढताना एक म्हातारा काठी टेकून शेवटपर्यंत पाहत उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "यापेक्षा पायी आले असते तं पोचले असते."

चाचणीला सतरा दिवस उरले.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

बैहरच्या रस्त्याला घाट आहे. चढ मला हवाच होता, पण उतारावर वळणं अशी की ब्रेक सोडता येत नाही. वेळ मोजण्यात काही अर्थ नाही. परत आलो तो दादा म्हणाला, "नीळू, कचेरीत विचारत होते, तुमच्याकडे ते वाकड्या हँडलचे कोण आलेत म्हणून. जरा साध्या पँटीत हिंडत जा." त्याच्या सगळ्या आयुष्याचा हाच नियम: कोणी विचारू नये.

२७ नोव्हेंबर, शनिवार

सापडला! आणि सापडला कुठं, तर भरवेलीच्या खाणीकडे, जिकडे ट्रक जातात म्हणून मी बघायलाच तयार नव्हतो. चारच मैल आहे, पण डांबर नवं, काळं, तळहातासारखं. पट्टी अरुंद आहे, एका ट्रकपुरती. दोन्ही बाजूंना मुरूम, तोही सैल. माझी टायरं बोटाएवढी, मुरमात उतरलो की गेलोच. पण डांबरावर! चाकाचा आवाजसुद्धा येत नाही. जाऊन येऊन चार फेऱ्या मारल्या की बत्तीस मैल होतात. सकाळी साडेआठपर्यंत ट्रक फार नसतात.

एकच कटकट आहे. सातच्या पाळीला जाणारे खाणीतले लोक. सगळे सायकलींवर, चार-चारचं टोळकं, डबे लटकावलेले, गप्पा मारत. सवा सहापासून पावणेसातपर्यंत सगळी पट्टी त्यांची. आज मी ओरडून बाजूला केलं त्यांना. एक जण म्हणाला, "हटो रे, बारासिंगा आला!" माझ्या हँडलला. सगळे खदखदा हसले.

३० नोव्हेंबर, मंगळवार

आजचा प्रकार लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितो. दुसऱ्या फेरीत टोळक्याच्या पुढं निघालो तर मागं कोणीतरी लागलेलं. काळी, जड सायकल, कॅरियरला डबा बांधलेला, पायांत टायरच्या चपला. मी जोर लावला. तो तिथंच. आणखी लावला. खाणीच्या फाटकापर्यंत तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून आला आणि उतरून म्हणाला, "चांगली पळते जी तुमची. वजन किती असन?"

महागू त्याचं नाव. चाळिशीचा असेल. रस्त्यालगतच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, घर, तिथून खाणीत जातो, चौदा वर्षं झाली. मी विचारलं, कुठं सराव करतोस? तर म्हणाला, "कायचा सराव भाऊ. मी पळत नाही, मले उशीर होते."

टोळक्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. मी फाटकावरूनच वळलो. रात्री जेवलो नाही. डब्याचं वजन धरून त्याची सायकल माझ्या दुप्पट होईल.

२ डिसेंबर, गुरुवार

काल आणि आज दोन्ही दिवस महागू आला. आज मी आधीपासून दम राखला आणि शेवटच्या अर्ध्या मैलात त्याला सोडून दिलं. मागं वळून पाहिलं तर तो थांबून डबा सारखा करत होता. भाजी सांडली म्हणे. मग ते जिंकणं म्हणायचं की नाही? तो पळतच नव्हता म्हणतो. मग माझ्या मागं का येतो?

फेरीला चोवीस मिनिटं. अजून कमी व्हायला पाहिजे.

४ डिसेंबर, शनिवार



सकाळी साडेसहाला भरवेलीच्या रस्त्यावर, नाल्याच्या वळणावर, महागूला ट्रकनं ठोकलं. मी पुढं होतो. ट्रक समोरून आला, धुक्यातून, भरधाव. मी कसाबसा डावीकडे मुरमात गेलो आणि पडलो. उठून पाहतो तो महागूची सायकल ट्रकच्या पुढच्या चाकाखाली आणि तो बाजूला. डावा पाय नडगीपासून... नको. त्यानं एकदाही ओरडा केला नाही. "डबा पाहा," एवढंच म्हणाला.

ड्रायव्हर खाली उतरून डोकं धरून बसला होता. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. त्याच ट्रकमध्ये घालून महागूला बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. मागं धानाची पोती होती, त्यांवर त्याला निजवलं, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

हे ट्रकवाले! यांना रस्ता म्हणजे बापाची जहागीर वाटते. माणूस दिसत नाही यांना. मला काही झालं नाही, कोपर सोललंय. मागून कसला आवाज वगैरे आला नाही, तो एकदम उजवीकडे कसा आला मला ठाऊक नाही.

दुपारी पोलीस थान्यात जाऊन बयान दिलं. ड्रायव्हर भैयालाल, ट्रक कुण्या ठेकेदाराचा. मी सांगितलं: ट्रक जोरात होता, आमच्या बाजूला आला. मुन्शीनं लिहून घेतलं, मी सही केली. सही करताना बरं वाटलं.

५ डिसेंबर, रविवार

महागूचा पाय गुडघ्याखाली कापला.

दादा आज माझ्यावर जितका चिडला तितका आयुष्यात चिडला नव्हता. दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलला, त्यामुळे जास्त लागलं. "तू चार दिवसांनी नागपूरला जाशील. मला इथं राहायचंय. तो ठेकेदार कचेरीत रोज येतो. छप्पन साली राज्यं वेगळी झाली तेव्हा आमच्या मराठी लोकांतले निम्मे नागपूरकडे गेले, आम्ही राहिलो, ते मान खाली घालून राहिलो म्हणून राहिलो. तुला कुणी सांगितलं होतं सही करायला?"

"एका माणसाचा पाय गेला, दादा."

"आणि तुझा तोल गेला. उद्याची गाडी धर."

मी म्हटलं, तुझ्यासारखा भेकड मी नाही. वहिनी मध्ये पडल्या म्हणून एवढ्यावर राहिलं. जाणार नाही. महागूच्या बाजूनं बोलायला कोणी तरी पाहिजे इथं.

६ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात गेलो. महागू गुंगीत होता. त्याची बायको शेवंताबाई खाटेजवळ जमिनीवर बसली होती. मला पाहून उठली, माझ्यासाठी बाहेरून चहा मागवला. नको म्हटलं तर ऐकेना. म्हणाली, "तुमीच एक खरं सांगतलं जी. बाकी तं सारे म्हणते, आमी पाहिलंच नाही."

ती सांगत होती, पाय गेला, पण बसून करायचं काम मिळालं तर नोकरी टिकेल. खाणीत दिव्यांची खोली आहे, दिवे द्यायचे-घ्यायचे, तिथं बसून भागतं. पण टोल्यातले लोक म्हणतात, कामावर जाताना गाडीनं ठोकलं असेल तरच तसं काम देतील. सायकलीची शर्यत लावून पडला असेल तर कशाला देतील?

"शर्यत?" मी विचारलं.

"तो डायवर म्हणते ना तसं. म्हणते, दोघं शर्यत लावून राह्यलते." आणि माझ्याकडे पाहत राहिली.

चहा फार गोड होता. संपवला.

७ डिसेंबर, मंगळवार

भैयालाल जामिनावर सुटलाय आणि आज सरळ घरी आला. दादा कचेरीत होता. मी दारातच आडवा उभा राहिलो. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस, गळ्यात मफलर. वाटलं होतं, धमकी देईल. मी तयारच होतो, खरं म्हणजे तेच हवं होतं मला.

तो म्हणाला, "बाबूजी, मैं आपसे कुछ माँगने नहीं आया। बाईस साल से गाड़ी चला रहा हूँ। मैं अपनी साइड में था। पानी नहीं गिरा है, निशान अभी होंगे। आप खुद जाकर देख लो। बस।"

मी म्हटलं, खुणा बघून पाय परत येणार आहे का? तो म्हणाला, "नहीं आएगा।" आणि पायरीवर बसून रडला. मला किळस आली. दार लावून घेतलं.

लबाड आहे. रडणारी माणसं बहुतेक लबाडच असतात.

८ डिसेंबर, बुधवार

गेलो. जायला नको होतं.

नाल्याचं वळण. चाक घसटल्याचे काळे पट्टे डांबरावर स्पष्ट आहेत. पण एका बाजूचेच. दुसऱ्या बाजूचे डांबरावर नाहीतच, ते मुरमात आहेत, त्याच्या डाव्या हाताच्या मुरमात, चांगले वीतभर खोल. म्हणजे त्यानं अर्धा ट्रक रस्त्याखाली उतरवला होता. पावलांनी मोजलं. दोनदा मोजलं. ट्रक उभा राहिला तिथून आमच्या बाजूला निदान सहा फूट डांबर मोकळं होतं.

त्या सहा फुटांत मी होतो.

रस्ते मला वाचता येतात, दोन आठवडे दुसरं काय केलं? हे वाचायला तर शाळेतलं पोरगंही पुरे. आणि मी थान्यात सांगून आलो की तो आमच्या बाजूला आला. खोटं बोललो असं तेव्हा वाटलं नव्हतं. मला तसंच दिसलं होतं. का अजूनही स्वतःला सांभाळून लिहितोय?

शर्यत मी लावली होती. लिहून टाकलं. शनिवारी सकाळी महागू नेहमीच्या टोळक्यात होता, माझ्या मागं येत नव्हता. मीच थांबून म्हणालो, "काय महागू, आज इथून खाणीच्या फाटकापर्यंत?" तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, आज तब्येत बरी नाही." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "घाबरला का?" ते हसले. या वेळी त्याच्यावर. तेव्हा तो निघाला.

१० डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. सायकल पुसत बसलो. वहिनींनी विचारलं, रविवारची चाचणी आहे ना, उद्या सकाळची गाडी धरणार ना? मी सगळं सांगितलं त्यांना. बयान बदललं तर भैयालाल सुटतो, पण शर्यतीचं बाहेर येतं आणि महागूचं काम जातं. नाही बदललं तर महागूला काम मिळेल आणि ज्यानं अर्धा ट्रक मुरमात घातला तो म्हातारा तुरुंगात जाईल.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आणि तुम्हाला काय होईल, भाऊजी?"

"मला? मला काय होणार?"

"तेच विचारत्येय."

राग आला. ताट वाजवून उठून गेल्या त्या, मी नाही. बायकांना प्रश्न विचारायला काय जातं?

११ डिसेंबर, शनिवार

सकाळी स्टेशनवर गेलो होतो. सायकल घेऊन. तिकीटही काढलं. गाडी आली, गेली. हमाल तोच होता, म्हणाला, "बाबू, चढ़ाऊँ?" मी सायकल घेऊन घरी आलो.

उद्या वसंता एकटाच पळेल. पळू दे. लिहितोय तेव्हाही हात मुठीत वळतोय.

१२ डिसेंबर, रविवार

थान्यात रविवारी मुन्शी एकटाच होता. मी म्हटलं, बयान बदलायचंय. तो हसला, "किसने समझाया? ठेकेदार ने?" मी टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, मला कुणी समजावलेलं नाही, मी मोजून आलोय, चला दाखवतो. शेवटी थानेदार आले. त्यांच्या जीपमधून नाल्याच्या वळणावर गेलो. पट्टे पुसट झालेत, पण मुरमातली खाच तशीच होती. त्यांनी टेप लावला.

नवीन बयान असं: ट्रक आपल्या बाजूला होता. महागू कामावर जात होता. शर्यत त्यानं लावली नाही, मी लावली, तो नको म्हणत असताना लावली. मी रिकामा माणूस आहे, मला कुठं जायचं नव्हतं. त्याला जायचं होतं.

थानेदार म्हणाले, "पहला बयान झूठा था, ये भी लिखना पड़ेगा। आप पर भी बात आ सकती है।" मी म्हटलं, लिहा.

दादाला घरी येऊन सांगितलं. त्यानं पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "आता ठेकेदार खूश होईल, आणि टोल्यातले लोक माझ्या दारावर येतील." तेवढंच म्हणून धोतर बदलून बाहेर निघाला. दोन तासांनी आला, तेव्हा कळलं की तो दवाखान्यात जाऊन आला. "त्यांना बाहेरच्या कुणाकडून कळू नये, म्हणून सांगायला गेलो होतो," म्हणाला. "पण धीर झाला नाही. संत्री ठेवून आलो." मी याला भेकड म्हणालो होतो. अजूनही आहेच भेकड. पण गेला तरी.

१३ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. शेवंताबाईनं माझ्यासमोर संत्र्यांची पिशवी उचलली आणि व्हरांड्यातून बाहेर भिरकावली. "याच खाटेपाशी चहा पिले तुमी! मी मागवलेला! अन् आता त्याले सोडवून आले?" आजूबाजूच्या खाटांवरचे लोक उठून बसले. ती जे जे बोलली ते मी ऐकून घेतलं, एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं असेल.

महागू भिंतीकडे तोंड करून पडला होता. 

१५ डिसेंबर, बुधवार

आज शेवंताबाई टोल्यावर गेली होती, महागू एकटाच होता. मी खाटेजवळ उभा राहिलो. तो भिंतीकडे पाहतच बोलला.

"एक विचारू का? खरं सांगजा."

"विचार."

"घंटी ऐकू आलती का तुमाले?"



तो म्हणाला, "रोज रातच्याले हेच येते डोक्यात. घंटीत खाणीची माती जाऊन बसते, कधी वाजते, कधी वाजत नाही. मले वाटते, वाजलीच नसन. वाजली असती तं तुमी सरकले असते. मी साफ कराले पायजे होती. शेवंता दहादा म्हणे, साफ कर, साफ कर."

हे पान कोणी वाचणार नाही तरी लिहिताना पेन अडतंय. या वहीत मी ४ तारखेला लिहिलंय की मागून आवाज आला नाही. ८ तारखेला सगळं लिहून टाकलं म्हणालो, तेव्हाही हे लिहिलं नाही. थान्यातही सांगितलं नाही. तिथं कुणी विचारलं नव्हतं.

"वाजली," मी म्हणालो. "दोनदा."

"हौ. दोनदाच वाजवली मी." आता तो माझ्याकडे वळला. वळताना त्याला फार त्रास झाला, मी हात पुढं केला तो त्यानं धरला नाही. "मंग काहून नाही सरकले?"

ट्रक अजून दिसत नव्हता तेव्हा. तो माझ्या उजवीकडून पुढं काढत होता, मी डांबराच्या मधोमध होतो, मुरमाच्या काठाला जायचं नव्हतं मला. मी डावीकडे हातभर सरकलो असतो तर तो आत आला असता. ट्रक दिसल्यावर उतरलोच की मी, जिवाच्या भीतीनं.

"खाली मुरूम होता," मी म्हणालो.

"मुरूम," तो म्हणाला.

 मी दाराशी पोचलो तेव्हा मागून ऐकू आलं, तो स्वतःशीच म्हणत होता, "वाजलती तं मंग. वाजलती."

सरळ थान्यात गेलो आणि तेही लिहून दिलं. मुन्शी म्हणाला, "रोज-रोज आओगे क्या?"

२० डिसेंबर, सोमवार

नागपूरहून पत्र आलं, वसंताचंच. संघ जाहीर झाला, तो आहे. लिहितो, तू का आला नाहीस, मी वाट पाहिली. पत्र फाडून टाकावं इतका संताप आला. पण तो वसंतावर नव्हता, हे जाणवलं तेव्हा आणखीच आला. रजा वाढवून मागितलीय. बिनपगारी.

भैयालालवरचा गुन्हा टिकणार नाही म्हणतात. तो पुन्हा ट्रकवर जातोय, बाजारात दिसला, मला पाहून रस्ता बदलून गेला. दिव्यांच्या खोलीचं अजून ठरलेलं नाही. दादा, जो कुणाच्या अध्यात नसतो, तो अर्ज लिहून महागूचा अंगठा घेऊन खाणीवर गेला होता. इंग्रजी चांगलं आहे त्याचं. तिथले बाबू म्हणाले, कामावर येत होता हे तर साक्षीदारच म्हणतो, मग अडचण नसावी. जखम भरल्यावर पाहू. "नसावी" या शब्दावर मी चिडलो, दादा म्हणाला, कचेरीच्या भाषेत हा फार चांगला शब्द आहे.

रोज दवाखान्यात जातो. महागू बोलत नाही. शेवंताबाई मला पाहिलं की उठून व्हरांड्यात जाते. मी स्टुलावर बसतो आणि उठून येतो. कशाला जातो ठाऊक नाही. कोणी बोलावलेलं नाही, जाऊन कोणाचं बरं होत नाही. आज तर दारातून परत फिरलो होतो, पुन्हा गेलो.

२३ डिसेंबर, गुरुवार

आजही तसाच बसलो होतो. तासभर झाला असेल. महागू डोळे मिटून पडला होता, झोपलाय असं वाटलं, म्हणून हळूच उठायला लागलो.

"बसूनच राहाचं असन," तो डोळे न उघडता म्हणाला, रागानंच म्हणाला, "तं पाणी दे. अन् उशी वरती कर."

आजपर्यंत त्यानं मला कधी "तू" म्हटलं नव्हतं, त्या शनिवारी ट्रकमध्ये सुद्धा नाही. आता माझी किंमत राहिली नाही म्हणून म्हणाला, की आणखी कशानं, मला समजलं नाही. विचारणार तरी कोणाला?

उशी वर केली. पाणी दिलं. अर्धा पेला प्याला आणि म्हणाला, "आणखी."

मी माठाकडे गेलो.